घास, वाटी आणि पाच रुपयांचा पुडा

(मुख्याध्यापकांचे मनोगत)



या सदरात मी सहसा निकाल, शिस्त, उपस्थिती आणि फी भरण्याची शेवटची तारीख यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे. जी मुले अजून आपल्या शाळेत आलेलीच नाहीत, जी घरात भिंतीला धरून चालतात आणि दिसेल ते तोंडात घालतात, त्यांच्या जेवणाविषयी मला लिहायचे आहे. एक ते तीन वर्षांची ही मंडळी. थोड्याच दिवसांत ती शिशुवर्गात येऊन बसणार आणि त्यांचे डबे मला दिसणार. डबा पाहिला की घरात दीड वर्षाच्या वयात काय सुरू झाले होते ते बहुधा ओळखता येते, असे माझे इतक्या वर्षांचे निरीक्षण आहे.

मुख्याध्यापकाला यातले काय कळते, असा प्रश्न आमच्या संपादिका बाईंच्या चेहऱ्यावर दिसला. त्यांचे काही चुकले नाही. मला दोन मुलगे आहेत आणि ते लहान असताना मी त्यांना एकदाही घास भरवल्याचे मला आठवत नाही. सकाळी शाळा, संध्याकाळी शिकवण्या, रात्री पेपर तपासणे. मुले जेवली का, एवढे विचारले की बापाचे कर्तव्य झाले, अशी आमच्या पिढीची समजूत होती. जे शिकलो ते गेल्या वर्षभरात, नातीमुळे, आणि तेही चूक करून.

आमची चिऊ सोळा महिन्यांची असताना लसीसाठी सूनबाई तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. मीही बरोबर होतो. डॉक्टर बाईंनी चिऊची खालची पापणी ओढून पाहिली, तळहात पाहिले आणि रक्त तपासायला सांगितले. हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. या वयात ते अकराच्या आसपास तरी हवे. मग त्यांनी विचारले, "ही दिवसभरात काय काय खाते?" सूनबाई बँकेत नोकरी करतात, हिशेबाला पक्क्या. त्यांनी सांगायला सुरुवात केली. बाटलीतून दूध दिवसातून पाच वेळा. सकाळी चहात बुडवलेले बिस्कीट. दुपारी वरणाचे पाणी आणि भात, तोही दोन-चार घास. संध्याकाळी पुन्हा बिस्कीट, कधी चिप्स. रात्री झोपेतच दूध. डॉक्टर बाई म्हणाल्या, "बिस्किटांचा पुडा घरी कोण आणते?" सूनबाई काही बोलल्या नाहीत. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागलो.

पुडा मी आणत होतो. रोज संध्याकाळी शाळेतून निघून तुळजाभवानीच्या देवळाला नमस्कार करायचा, दुर्गदबैलकडे एक चक्कर मारायची आणि येताना पाच रुपयांचा पुडा खिशात टाकायचा, हा माझा नेम होता. दाराशी चिऊ हात पुढे करून "अज्जा" म्हणायची. तो "अज्जा" माझ्यासाठी होता की पुड्यासाठी, याचा विचार मी कधी केला नाही. सकाळी माझ्या कपातल्या चहात बिस्कीट बुडवून तिला देणाराही मीच. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागायला अडथळा होतो हे मी नववीच्या वर्गाला शिकवलेले आहे. शिकवलेले आणि घरी केलेले यांत एवढे अंतर असते!

चिऊ एकटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण देशभरात ६७.१ टक्के आढळले. त्याआधीच्या फेरीत (२०१५-१६) ते ५८.६ टक्के होते. म्हणजे दवाखाने वाढले, औषधांची दुकाने वाढली आणि मुलांचे रक्त कमी झाले. आपल्या कर्नाटकाचा आकडा ६५.५ टक्के आहे. त्याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे, तो मला अधिक बोचला. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेशा वेळा आणि पुरेशा प्रकारचे अन्न मिळणारी मुले देशात फक्त ११.३ टक्के होती. नऊ मुलांमागे जेमतेम एक. हे केवळ गरिबीमुळे म्हणावे, तर आमच्या घरी कशाची कमतरता होती? डाळ होती, तूप होते, भाजी होती, घरात पाच मोठी माणसे होती. फक्त चिऊच्या पोटात जागा नव्हती. ती दूध आणि बिस्किटांनी आधीच भरलेली होती.

दुधाविषयी आधी बोलतो, कारण "दूध पिते ना, मग काळजी नको" हे वाक्य मी पालक सभेत असंख्य वेळा ऐकले आहे. दूध चांगलेच आहे, आईचे दूध तर दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण गाई-म्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतेच. दीड वर्षाचे मूल लिटरभर दूध प्यायले की त्याला भूक लागत नाही, भूक नाही म्हणून जेवत नाही, जेवत नाही म्हणून आई आणखी दूध देते. हे चक्र चालू राहते आणि मूल गुबगुबीत पण फिकट दिसू लागते. वरचे दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा आणि बाटली सोडून कपाने द्या, असे आम्हाला सांगण्यात आले. बाटली सोडवायला अकरा दिवस लागले. त्या अकरा रात्रींविषयी मी लिहीत नाही, शेजाऱ्यांना ठाऊक आहे.

बिस्किटाचे गणित पुड्यावरच छापलेले असते. चश्मा लावून वाचावे लागते एवढेच. साध्या गोड बिस्किटात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे पाव हिस्सा. उरलेल्यात मुख्यतः मैदा आणि तेल. दोन वर्षांपर्यंत वरून साखर घालूच नये असे आज तज्ज्ञ सांगतात. आपल्या देशात १९९२ साली बाळांच्या दुधाच्या भुकटीविषयी आणि बालान्नाविषयी कायदा झाला. २००३ मध्ये तो दुरुस्त होऊन दोन वर्षांपर्यंतच्या बालान्नाची जाहिरात करायला बंदी आली. चांगला कायदा आहे. पण बिस्कीट हे त्या कायद्याच्या दृष्टीने बालान्न नाही, चिप्स नाहीत, रंगीत गोळ्याही नाहीत. कायदा दाराशी थांबतो आणि आजोबा पुडा घेऊन आत जातात.

आता आम्ही काय केले ते सांगतो. डॉक्टर बाईंनी लोहाचे थेंब लिहून दिले आणि ते आम्ही नेमाने दिले. हे मुद्दाम सांगतो, कारण रक्त इतके खाली गेल्यावर नुसत्या पालेभाजीने ते भरून येत नाही. ज्यांना माहीत नसेल त्यांनी लक्षात ठेवावे की सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर देण्याचे लोह आणि फॉलिक ॲसिडचे पातळ औषध सरकारी योजनेतून मोफत मिळते. आपल्या भागातल्या आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारावे, लाजू नये.

पण जेवण बदलल्याशिवाय थेंबांचा उपयोग टिकणार नव्हता. सूनबाईंनी आधी मोबाइलवर पाहून वेगवेगळे पदार्थ करायचे ठरवले. त्यात ब्लूबेरी होती, अॅव्होकाडो होते. जनता बाजारात शोधत फिरण्याची पाळी माझ्यावर येणार होती. तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एकच वाक्य उच्चारले, "तिखट घालण्याआधी तिची वाटी काढून ठेवा."

एवढ्यावर अर्धा प्रश्न सुटला. आपल्या हुबळीच्या घरांत जे शिजते ते मुळात उत्तम आहे. जोंधळ्याची भाकरी, मुगाचे किंवा तुरीचे वरण, मेथी, राजगिऱ्याची भाजी, मोड आलेली मटकी, शेंगदाण्याचे कूट, दही. त्यात ब्याडगीची मिरची पडते तेव्हाच ते लहान मुलाच्या कामाचे राहत नाही. फोडणीत लसूण-जिरे घालून भाजी शिजवली, एक वाटी बाजूला काढली आणि मग बाकीच्यांसाठी तिखट-मीठ घातले की वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. मऊ भाकरीचा पापुद्रा वरणात दहा मिनिटे भिजवून कुस्करायचा, वर चमचाभर तूप, चार थेंब लिंबू. लिंबामुळे पालेभाजीतले आणि डाळीतले लोह जास्त अंगी लागते. तूप कशाला, तर मुलाचे पोट त्याच्या मुठीएवढे आणि दिवसभराची धावपळ आपल्या दुप्पट. थोड्या घासात जास्त ताकद हवी. ज्यांच्या घरी अंडे, मासे, मटण चालते त्यांनी ते मुलाला रोज थोडे द्यायला हरकत नाही, उलट फायदाच आहे. ज्यांच्याकडे चालत नाही त्यांनी डाळ, मोड आलेली कडधान्ये, दही आणि शेंगदाण्या-तिळाचे कूट यांचे प्रमाण वाढवावे. या विषयावर आपल्या राज्यात शाळेतल्या अंड्यांवरून पुष्कळ वाद झाले, तो वाद मी येथे आणत नाही. ज्याचे घर, ज्याचा धर्म, ज्याची वाटी.

नाचणीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. आपल्याकडे कोणी तिला नाचणी म्हणते, कोणी कन्नडप्रमाणे रागी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात ते सुमारे १२० असते. पण आपल्या आज्ज्या नाचणी नुसती दळत नव्हत्या. रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, हलकी भाजून दळायची. मला हा जुन्या बायकांचा सोवळेपणासारखा एक नेम वाटायचा. त्यामागचे कारण मला फार उशिरा कळले.

साध्या पिठाची खीर शिजवली की ती गोळ्यासारखी घट्ट होते, कारण पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. मुलाला ती गिळवत नाही. म्हणून आई पाणी घालते, पातळ करते, आणखी पाणी घालते. वाटी भरलेली दिसते पण आत बहुतेक पाणीच. धान्याला मोड आले की त्यात अमायलेज नावाचे पाचक द्रव्य तयार होते आणि ते स्टार्चचे तुकडे करते. त्यामुळे मोडाच्या पिठाची खीर पीठ जास्त घालूनही पातळ राहते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात यावर संशोधन केले. भाताच्या घट्ट पेजेत मोडाच्या धान्याचे थोडेसे पीठ मिसळले की पेज ओतता येईल इतकी पातळ होते आणि मूल एका बैठकीत जास्त अन्न खाऊ शकते, हे त्यांनी दाखवले. गायकवाडांच्या बडोद्यात सिद्ध झालेली ही गोष्ट दाजीबानपेठेतल्या आज्ज्यांना हातांनी माहीत होती. फक्त दोन गोष्टींची काळजी घ्यावी. मोड आलेले धान्य खमंग होईपर्यंत भाजू नये, नाहीतर ते पाचक द्रव्य मरते. आणि नीट वाळवावे, ओल राहिली तर बुरशी धरते. शिवाय काही घरांत नाचणी भिजवून, वाटून, गाळून नुसते पांढरे सत्त्व घेतात. सहा-सात महिन्यांच्या बाळाला ते ठीक, पण गाळलेल्या चोथ्याबरोबर पुष्कळसे चांगलेही निघून जाते. वर्षाच्या मुलाला सबंध पीठच द्यावे.

हिंदी माध्यमात शिकलो तेव्हा वडिलांची रेल्वेतली नोकरी सिकंदराबादला होती. तिथे शेजारच्या चाचींच्या घरी रोज सकाळी गव्हाचा दलिया शिजायचा आणि आम्हा मुलांना तो नको असायचा. आज तोच दलिया दुकानात चकचकीत पिशवीत चौपट किमतीला मिळतो आणि लोक कौतुकाने घेतात. राळ्याचेही तसेच. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, भाषणे झाली, मीही एक केले. आपल्या शेजारच्या खेड्यांत नवणे म्हणून जे पिकते तेच राळे, त्याची मुगाच्या डाळीबरोबर मऊ खिचडी चिऊ आवडीने खाते. भाषणात मी हे सांगितले नव्हते, कारण तोवर आमच्या घरी ती शिजलीच नव्हती.

आता खरी अडचण. आपण वाटी भरली, पण मूल तोंड मिटून बसले तर? पहिले तीन आठवडे चिऊने तेच केले. मी मोबाइलवर गाणी लावून पाहिली. तोंड उघडायचे, डोळे पडद्यावर, आणि घास आत गेला तरी तिला कळायचे नाही. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, हे जेवण नाही, हे पोस्टाच्या पेटीत पत्र टाकल्यासारखे झाले." मला राग आला, पण उपमा चांगली होती.

त्या दिवसांत मी एका जुन्या प्रयोगाविषयी वाचले. क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन डॉक्टर बाईंनी १९२६ पासून पुढे काही वर्षे, मुख्यतः शिकागोत, नुकतीच अंगावरून सोडवलेली बाळे संस्थेत ठेवून त्यांना आपले जेवण आपणच निवडू दिले. एकूण पंधरा मुलांचे निष्कर्ष त्यांनी १९३९ मध्ये मांडले. चौतीस प्रकारचे अन्न होते. धान्ये, फळे, भाज्या, दूध, आंबवलेले दूध, अंडी, मांस, सगळे साधे, साखर न घातलेले. परिचारिका चमचा हातात घेऊन गप्प बसायची. मुलाने ज्याकडे हात केला तेच द्यायचे, आग्रह नाही, कौतुक नाही, डोळे वटारणे नाही. कोणी एका वेळी केळीच केळी खाल्ली, कोणी अंडी. एका जेवणाचे ताट पाहिले तर वेडेपणा वाटावा. पण महिन्यांचा हिशेब केला तर सगळी मुले छान वाढली. मुडदूस झालेले एक मूल तर हाडे भरून येईपर्यंत आपण होऊन माशाचे तेल पीत राहिले. आज अशा प्रयोगाला कोणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. पण त्या बाईंचा प्रामाणिकपणा असा, की यात जादू मुलांची नाही, अन्नाच्या यादीची आहे, असे त्यांनी स्वतःच सांगितले. त्या ताटात वाईट असे काही नव्हतेच, मग निवड चुकणार कशी?

म्हणजे उलट विचार करा. त्या चौतीस पदार्थांत एक बिस्किटाचा पुडा ठेवला असता तर काय झाले असते? तेच, जे आमच्या घरी झाले.

माझे मत येथे स्पष्ट सांगतो. ताटात काय वाढायचे आणि कधी वाढायचे, हा मोठ्यांचा अधिकार आहे आणि तो आपण दीड वर्षाच्या मुलाच्या रडण्याला घाबरून सोडून देतो. त्यातले किती खायचे, हा मुलाचा अधिकार आहे आणि तो आपण नाक दाबून, पाठीमागे पळून, मोबाइल दाखवून हिरावून घेतो. नेमके उलटे करतो! अमेरिकेतल्या एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनीही कामाची हीच वाटणी सांगितली आहे. नवा पदार्थ मुलाने थुंकला म्हणजे त्याला तो आवडत नाही असे नाही. आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा, थोडा थोडा समोर यावा लागतो. चिऊने मेथी नवव्यांदा खाल्ली. मी खडूने फळ्यावर नव्हे, पण डायरीत रेघा मारत होतो.

आणि मूल आपल्याबरोबर जेवले पाहिजे. कर्नाटकात "कै तुत्तु" म्हणतात, चांदण्यात सगळी मुले गोल बसवून आजीने एका मोठ्या भांड्यातला भात कालवून हातावर एकेक घास ठेवायचा. आपल्याकडे काऊ-चिऊचे घास आहेत. या दोन्हींत मूल माणसांकडे पाहते, दुसऱ्याचे तोंड हलताना पाहते आणि आपलेही हलवते. आता चिऊचे पाट-पाणी आमच्या पंगतीत मांडले जाते. अर्धे जमिनीवर सांडते. फरशी पुसता येते.

एक सावधगिरीची गोष्ट मोठ्या भावंडांसाठी, म्हणजे तुम्हा विद्यार्थ्यांसाठी. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, गोल गोळ्या चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नका. घशात अडकून जीव जातो. कूट करून, चिरून, कुस्करून द्या. आणि तुमच्या हातातल्या कुरकुरे-चिप्समधला "एकच" धाकट्याला देण्याचे प्रेम आवरा. गिरमिट-मिरचीभजी तुम्ही खा, मीही खातो, पण ते त्याचे वय नव्हे.

आता जे लिहायला मला जड जाते ते लिहितो. दोन वर्षांपूर्वी शिशुवर्गात मी डब्यांची तपासणी केली. एका मुलाच्या डब्यात सलग चार दिवस बिस्किटे होती. मी त्याच्या आईला बोलावून इतर पालकांसमोर सुनावले. त्या बाई ऐकून घेऊन निघून गेल्या. नंतर कळले की त्या पहाटे पाचला उठून दोन घरचा स्वयंपाक करून मग स्वतःच्या घरी येत, आणि मुलाचा डबा वडील भरत. वडिलांना सुनवायचे माझ्या मनातही आले नव्हते. त्याच संध्याकाळी मी स्वतः पुडा घेऊन घरी गेलो असणार. त्या बाईंची क्षमा मी नंतर मागितली, पण सुनावले होते चारचौघांत आणि क्षमा मागितली एकांतात, म्हणून ती आज येथे पुन्हा मागतो.

लहान मुलाचे जेवण बिघडते ते आईच्या अज्ञानामुळे, असे बोलण्याची आपल्याला सवय झाली आहे. आईला बहुतेक सगळे माहीत असते. तिला वेळ नसतो आणि मदतीला हात नसतो. वाटी बाजूला काढणे दोन मिनिटांचे काम, पण शांत बसून ती भरवणे अर्ध्या तासाचे, दिवसातून चार-पाच वेळा. हा अर्धा तास घरातल्या पुरुषांनी उचलला तर पुड्याची गरजच पडत नाही, कारण पुडा म्हणजे दुसरे काय, वाचवलेला वेळच. आमच्या घरी संध्याकाळचा घास आता माझ्याकडे आहे. मुलगा सकाळची नाचणीची खीर करतो. पहिल्या दिवशी त्याने गुठळ्या केल्या, आता बऱ्या करतो. तीन महिन्यांनी चिऊचे रक्त पुन्हा तपासले तेव्हा अकराला टेकले होते.

विश्वस्त मंडळींना या अंकाच्या निमित्ताने माझी जाहीर विनंती आहे. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटे वाटण्याची पद्धत शिशुवर्गापासून बंद करावी. पालकांना हौस असेल तर केळी किंवा शेंगदाण्याची मऊ वडी चालेल. स्वातंत्र्यदिनाला आणि स्नेहसंमेलनाला आपण शाळेतर्फे लहान मुलांना जो बिस्किटांचा पुडा देतो, तो निर्णय माझ्याच सहीने झाला होता, तो रद्द करावा. आणि शिशुवर्गाच्या मधल्या सुट्टीत महिन्यातून काही दिवस तरी शाळेतच नाचणीची खीर शिजावी, त्यासाठी एका बाईंचे मानधन आणि एक मोठे पातेले लागेल. खर्चाचा अंदाज मी बैठकीत ठेवतो आहे. काही सभासदांना हा शाळेचा विषय वाटत नाही, हे मला माहीत आहे. त्यांनी एकदा सकाळी साडेदहाला शिशुवर्गाच्या दाराशी उभे राहून मुलांच्या पापण्यांकडे पाहावे, एवढेच म्हणतो.

माझे शिक्षण हिंदीतून झाल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादिका बाईंनी सुधारल्या असतीलच. पुढच्या पालक सभेच्या दिवशी सभा संपल्यावर शाळेच्या अंगणात मोडाच्या नाचणीचे पीठ आणि त्याची खीर करून दाखवण्यात येईल. प्रात्यक्षिक मी आणि माझा मुलगा करणार आहोत. वडिलांनी आणि आजोबांनी जरूर यावे, आणि येताना एक वाटी-चमचा घेऊन यावा.

आपला,
मुख्याध्यापक